एका रूपाचे दोन पतंग

हरभरा घाट्यांवर आला की एक हिरवट अळी घाट्याला वाटोळे भोक पाडते, डोके आत खुपसते आणि उरलेले अंग बाहेर तसेच ठेवून आतला दाणा स्वस्थपणे फस्त करते. हे दृश्य आपल्याकडील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणतात. हीच अळी तुरीच्या शेंगा पोखरते, टोमॅटोत शिरते आणि कपाशीच्या बोंडावर आली म्हणजे बोंडअळी होते. त्यातही गुलाबी व ठिपक्यांच्या बोंडअळ्यांपासून ती निराळी ओळखू यावी म्हणून तिला ‘अमेरिकन बोंडअळी’ म्हणण्याची रूढी पडली आहे. ह्या नावात एक गंमत आहे. ते रूढ झाले तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक दशके, ही अळी अमेरिकेत नव्हतीच. तेथे होती ती हिची बहीण. दोघींत भेद आहे, तो नेमका कोठे आहे आणि तो वेळेवर न ओळखल्यामुळे एका मोठ्या देशाच्या शेतीवर कोणता प्रसंग ओढवला, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या जातीचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ‘आर्मिजेरा’ म्हणजे शस्त्र धारण करणारी. हे नाव १८०८ च्या सुमारास जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील याकोब ह्यूब्नर ह्याने दिले. हा गृहस्थ व्यवसायाने नक्षीकार व कोरीवकाम करणारा. काही वर्षे त्याने युक्रेनमधील एका सुती कापडाच्या कारखान्यात नक्षीकाम केले होते. कापसावर पोट भरणाऱ्या माणसाने कापसाच्या वैऱ्याचे बारसे करावे, हा योगायोग मजेचा खरा. अमेरिकेतील जातीचे नाव हेलिकोव्हर्पा झी. मक्याचे शास्त्रीय नाव ‘झी मेज’, त्यावरून ते आले. १८५० मध्ये बॉडी नावाच्या लेखकाने अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका शेतीविषयक नियतकालिकात तिचे वर्णन केले. पुढे मात्र ह्या नावाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि दोन्ही अमेरिका एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात एकच पतंग पसरला आहे असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जण मानीत होते. १९५३ मध्ये कॉमन ह्यांनी ऑस्ट्रेलियातील आणि १९५५ मध्ये टॉड ह्यांनी अमेरिकेतील जाती निराळ्या करून दाखविल्या. त्यानंतर १९६५ मध्ये डेव्हिड हार्डविक ह्या कॅनडातील शास्त्रज्ञाने जगभरच्या नमुन्यांचा अभ्यास करून एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि ह्या साऱ्या भावंडांसाठी हेलिकोव्हर्पा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली.

इतका काळ ह्या दोघी एक कशा समजल्या गेल्या, असे वाटेल. पण पतंग हाती घेऊन पाहिला म्हणजे उलगडा होतो. पुढचे पंख मातकट पिवळे, कधी हिरवट, कधी विटकरी. त्यांवर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक गडद डाग. मागचे पंख फिकट आणि कडेला काळसर पट्टा. हे वर्णन आर्मिजेराचे म्हणून केले तरी चालेल आणि झीचे म्हणून केले तरी चालेल. शिवाय एकाच आईची लेकरेही रंगाने सारखी निपजत नाहीत. नर बहुधा हिरवट पिवळे, माद्या तांबूस. कोष थंडीत राहिला तर रंग आणखी गडद. अळीचे तर विचारूच नये. ती हिरवी, तपकिरी, गुलाबी, प्रसंगी जवळजवळ काळी असते. ऑस्ट्रेलियात आर्मिजेराच्या जोडीला पंक्टिजेरा नावाची जी दुसरी बहीण नांदते, तिच्या बाबतीत मागील पंखावरील काळ्या पट्ट्यात फिकट ठिपका आहे की नाही एवढ्यावरून निवाडा करता येतो. आर्मिजेरा आणि झी ह्यांच्या बाबतीत पंखाने अशीही मेहेरबानी केलेली नाही.

तेव्हा पंख सोडून पोटाकडे वळावे लागते. पतंगाचे उदर धडापासून अलगद वेगळे करतात आणि दाहक पोटॅशच्या द्रावणात बुडवून थोडे ऊन करतात. स्नायू, चरबी, आतडी अशी सारी मऊ द्रव्ये त्यात विरघळून जातात. उरते ते कायटिनचे कवच. मग सूक्ष्मदर्शकाखाली, मऊ कुंचल्याने खवले झाडून, सुईच्या टोकाने उदराच्या अग्रभागातील जननेंद्रिये बाहेर काढतात. नरामध्ये मादीला धरून ठेवणारी, पकडीच्या पात्यांसारखी दोन अंगे असतात आणि त्यांच्या मध्ये एक नळी. ह्या नळीच्या आत मोज्याप्रमाणे उलटी घडी घालून ठेवलेली एक पातळ पिशवी असते. समागमाच्या वेळी ती उलटून मादीच्या शरीरात फुगते. प्रयोगशाळेत हेच काम बारीक पिचकारीने पाणी सोडून करावे लागते आणि त्याला हात फार स्थिर लागतो. घाई केली तर पिशवी फाटते आणि नमुना वाया जातो. नीट फुगली तर मात्र मळसूत्राप्रमाणे वेटोळे घेतलेली, काट्यांच्या ओळीने सजलेली एक नाजूक रचना दृष्टीस पडते.

येथे दोघींची ओळख पटते. ह्या पिशवीच्या बुडाशी झीच्या नरात तीन फुगवटे असतात, एक मोठा आणि दोन लहान. आर्मिजेराच्या नरात फक्त एकच मोठा. काट्यांची संख्या व पकडीच्या पात्यांची लांबी ह्यांतही फरक आहे. पण तो सरासरीचा फरक आहे, एखाद्या सुट्या पतंगाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही. फुगवट्यांची खूण विश्वासार्ह आहे. तीत एकच उणीव आहे आणि ती मोठी आहे: ती नरातच सापडते. माद्यांच्या शरीररचनेत अशी निःसंदिग्ध खूण मिळत नाही. अळी व अंडी ह्यांच्याजवळ तर अजून हे अवयवच नसतात. आणि पिकाची नासाडी करते ती अळी.

पंख सारखे राहिले असता नेमकी जननेंद्रियेच का बदलावीत? १८४४ मध्ये लेआँ द्युफूर ह्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने ह्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. प्रत्येक जातीचे कुलूप निराळे, म्हणून परक्या जातीची किल्ली त्यात बसत नाही आणि वंश शुद्ध राहतो, असा त्याचा विचार. उपमा इतकी सुबक आहे की ती पुढे दीडशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिली. परंतु सुबक उपमा म्हणजे सिद्ध झालेले सत्य नव्हे. परक्या किल्लीने कुलूप उघडल्याची उदाहरणे पुष्कळ सापडली. मादीने नराची केलेली निवड आणि नरानरांतील स्पर्धा ह्यांमुळे हे अवयव पिढ्यानुपिढ्या झपाट्याने बदलत गेले असावेत, असे आज अनेक अभ्यासक मानतात. आपल्या दोन बहिणींपुरते बोलायचे तर हे कुलूप फार मजबूत नाही. स्वतः हार्डविकने प्रयोगशाळेत दोन्ही जातींचा संकर करून पाहिला होता, आणि संतती झाली होती.

हे सर्व कित्येक वर्षे तज्ज्ञांच्या कपाटातले ज्ञान होते. अर्नस्ट मायर ह्यांनी १९४२ मध्ये जातीची जी व्याख्या रूढ केली, तिचा आशय असा की ज्या प्राण्यांचे निसर्गात आपापसांत प्रजनन होते आणि इतरांशी होत नाही, त्यांचा समुदाय म्हणजे जाती. आर्मिजेरा आणि झी ह्यांच्यामध्ये महासागर पसरलेला असल्यामुळे त्यांच्यात प्रजनन होते की नाही, हा प्रश्न निसर्गाने कधी विचारलाच नव्हता. तो विचारला गेला ब्राझीलमध्ये.

२०१२-१३ च्या हंगामात ब्राझीलच्या बाहिया राज्याच्या पश्चिम भागात कपाशी आणि सोयाबीन ह्यांच्यावर अळ्यांचा असा लोंढा आला की शेतकरी गांगरून गेले. अळी ओळखीची दिसत होती. झी ही तेथे मक्याच्या कणसावर नेहमी येणारी कीड. तेव्हा ही झीच असणार, किंवा तंबाखूवर येणारी तिची एखादी दूरची नातलग असणार, असे धरून औषधे फवारण्यात आली. पण झी मुख्यतः मक्यावर राहणारी, सोयाबीनवर ती अशी तुटून पडत नसे. शिवाय फवारणीला ह्या अळ्या दाद देत नव्हत्या. अखेर नर पतंगांचे विच्छेदन करण्यात आले आणि सोबत त्यांच्या डीएनएची परीक्षाही झाली. पिशवीच्या बुडाशी फुगवटा एकच निघाला. २०१३ च्या आरंभी जाहीर झाले की ही झी नव्हे, आर्मिजेरा आहे. जुन्या जगातील कीड नव्या जगात उतरली आहे. बाहियात पिकांच्या रक्षणासाठी सरकारला आणीबाणी घोषित करावी लागली.

ह्यानंतर जे घडले ते मला सर्वांत बोधप्रद वाटते. संशोधकांनी आपल्या संग्रहातील जुने, टाचणीला टोचलेले पतंग पुन्हा तपासावयास घेतले. तेव्हा असे आढळले की २००८ साली पकडलेल्या पतंगांतही आर्मिजेरा होती. म्हणजे निदान चार-पाच वर्षे हा परका पाहुणा घरच्या माणसाचे नाव लावून वावरत होता, वाढत होता, आणि त्याला परका म्हणून ओळखण्यासाठी लागणारी खूण प्रत्येक नराच्या पोटात तयार होती. कोणी उघडून पाहिली नाही. ह्यात त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षे ज्या प्रदेशात एकच जाती सापडते तेथे सापळ्यातील प्रत्येक पतंगाचे उदर पोटॅशमध्ये कोण घालील? पण दरम्यान आर्मिजेराने आपल्याबरोबर आशिया-आफ्रिकेतील शेतांवर कमावलेली शिदोरी आणली होती. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांना ती दाद देईनाशी झाल्याचा अनुभव ऑस्ट्रेलियाने १९८३ मध्ये घेतला होता आणि आंध्र प्रदेशातील कापूस उत्पादकांनी १९८७ मध्ये. नाव चुकले म्हणजे औषध चुकते, ते असे.

विच्छेदनाने जे माद्यांच्या आणि अळ्यांच्या बाबतीत साधत नाही, ते डीएनएच्या परीक्षेने साधते. अळीचा तुकडा, पतंगाचा एक पाय, फार काय एखादे अंडेही त्यासाठी पुरते. पेशीतील तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकाँड्रियांना, स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यातील एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला तर बहुतेक प्राण्यांची जाती सांगता येते, ही कल्पना २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आर्मिजेरा आणि झी ह्यांच्या ह्या तुकड्यातील अक्षरे थोड्याच, पण निश्चित ठिकाणी वेगळी आहेत. अशा फरकांवरून हिशेब केला असता दोघींची फारकत सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी झाली असावी असा अंदाज निघतो. आर्मिजेराचा एखादा लहानसा थवा त्या काळी अमेरिकेत पोहोचला आणि त्याचीच पुढे झी झाली, असे मानले जाते. म्हणजे २००८ च्या आगेमागे जी आली ती ह्या कुळातील पहिली प्रवासी नव्हती.

येथे गुणसूत्रांविषयीही सांगितले पाहिजे. कित्येक जवळच्या पतंगांत नुसती गुणसूत्रे मोजली तरी भागते. आपल्या टसर रेशमाच्या पतंगात त्यांच्या ३१ जोड्या असतात आणि त्याच्याच प्रजातीतील आसामच्या मुग्यात अवघ्या १५. पण आर्मिजेरा आणि झी ह्या दोघींतही जोड्या ३१ च. मोजदाद येथे काहीच सांगत नाही. मजकूरच वाचावा लागतो. २०१७ मध्ये दोघींचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसून आले की चव ओळखणारी आणि वनस्पतींतील विषे पचविणारी काही जनुके झीने ह्या लाखो वर्षांत गमावली आहेत. दीडशेहून अधिक वनस्पतींवर जगणारी आर्मिजेरा आणि मक्याची विशेष आवड असलेली झी, ह्यांच्या भुकेतला फरक ह्यामुळे थोडाफार समजू लागतो.

परंतु तंतुकणिकांच्या डीएनएला एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर ही नवी परीक्षाही जुन्या पंखपरीक्षेइतकीच फसवी ठरेल. हा डीएनए फक्त आईकडून येतो. समजा, झीची मादी आणि आर्मिजेराचा नर ह्यांची संतती झाली, तर तिच्या तंतुकणिका ‘मी झी’ असेच सांगतील. बापाचा पत्ताही लागू देणार नाहीत. म्हणून पेशीकेंद्रातील जनुकेही वाचावी लागतात, कारण ती दोन्हीकडून येतात.

आणि अशी संतती होण्यास अडथळा तरी कोणता? पतंगांची मादी रात्री गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागावर नर येतो. आपल्याकडील कामगंध सापळे ह्याच तत्त्वावर चालतात. ह्या गंधात दोन प्रमुख द्रव्ये असतात आणि त्यांच्या प्रमाणावरून नराला आपली मादी कळते. तंबाखूवर राहणारी अॅसल्टा ही आर्मिजेराची आणखी एक बहीण. तिने हे प्रमाण जवळजवळ उलटे केले आहे, म्हणून एकाच प्रदेशात राहूनही दोघींचे नर सहसा चुकत नाहीत. झीने मात्र ते बदललेले नाही. आर्मिजेराचा गंध आणि झीचा गंध जवळजवळ एकच. पंधरा लाख वर्षे एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या बहिणींना वेगळी हाक ठेवण्याची गरजच पडली नसावी.

संकर झाला तरी तो पुढे टिकतो का, हा दुसरा प्रश्न. जे. बी. एस. हाल्डेन हे १९५७ मध्ये भारतात येऊन येथेच स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. त्यांनी १९२२ मध्येच एक नियम सांगून ठेवला होता: दोन जातींच्या संकरात एखादे लिंग दुबळे, वांझ किंवा गैरहजर निघाले, तर ते बहुधा असमान लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते. मनुष्यात असे लिंग पुरुषाचे. पतंगांत मात्र मादीचे. आर्मिजेराची मादी आणि अॅसल्टाचा नर ह्यांच्या संकरात प्रजननक्षम माद्या निपजत नाहीत आणि काही संततीत तर जननेंद्रियेच नीट घडत नाहीत. आर्मिजेरा आणि झी ह्यांच्या संकरात असे काहीच होत नाही. प्रयोगशाळेत त्यांची मुले निकोप आणि नातवंडेही निकोप.

मग ब्राझीलच्या मोकळ्या शेतांवर काय झाले असेल? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ मध्ये तेथील नऊ किड्यांचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. नऊही कमीअधिक प्रमाणात संकरित निघाले. त्यांतील एकात निम्म्याहून किंचित अधिक भाग झीचा होता, पण कीटकनाशकाला निष्प्रभ करणारे जनुक आर्मिजेराचे. हे जनुक मोठे चमत्कारिक आहे. शेजारशेजारच्या दोन जनुकांची अदलाबदल होताना घसरण झाली आणि एकाचे डोके दुसऱ्याच्या धडाला जोडले जाऊन तिसरेच जनुक तयार झाले. ते पायरेथ्रॉइडचा चुराडा करते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी विस्तृत अभ्यासात असे दिसून आले की २०१७ पर्यंत हे जनुक ब्राझीलमधील झीमध्येही मोठ्या प्रमाणात पसरले होते. बाकीच्या बाबतीत त्या झी झीच राहिल्या होत्या. आर्मिजेराचा इतर बराचसा वारसा पिढ्यांच्या ओघात गळून गेला; जे उपयोगी होते ते मात्र निवडीने राखून ठेवले.

ह्यावरून ह्या दोन जाती एक झाल्या असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. दोघींचे जनुकसंच अजून वेगळे वाचता येतात, दोघींच्या खाण्याच्या सवयी वेगळ्या आहेत आणि नरांच्या पोटातील फुगवट्यांची संख्याही वेगळीच आहे. पण जाती म्हणजे दगडी तटबंदी, ही समजूत सोडावी लागते. शेताच्या बांधासारखा हा प्रकार आहे. बांध असतो, तो कोणाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते, तरी पावसाळ्यात एका शेतातले पाणी दुसऱ्यात जातेच. शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न असा की ह्या पाण्याबरोबर काय वाहून आले. मक्यावरची ओळखीची झी आता कोणत्या फवारणीला जुमानील, हे तिच्या नुसत्या नावावरून सांगता येत नाही. तिच्या अंगी ते एक जनुक आहे की नाही हेही पाहावे लागते.

आर्मिजेरा दरम्यान पुढे सरकली आहे. ब्राझीलनंतर पॅराग्वे आणि अर्जेंटिना, २०१४ मध्ये प्वेर्तो रिको, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील एका कामगंध सापळ्यात एक नर. तेथील सापळ्यांत झी शेकड्यांनी पडतात आणि गंध तोच असल्यामुळे आर्मिजेरा आली तर ती ह्या गर्दीतच येणार. म्हणून आता दोन्ही परीक्षा एकाच पतंगावर करता याव्यात अशी व्यवस्था ठेवावी लागते. संशयित नराचा एक पाय काढून डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवावयाचा, उदर पोटॅशमध्ये घालून फुगवटे मोजावयाचे, काढलेले अवयव ग्लिसरीनच्या नळीत जपून ठेवावयाचे. आणि पंखांसह उरलेला पतंग दिनांक व ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठीसह टाचणीला टोचून पेटीत लावावयाचा. ब्राझीलमधील २००८ चे पतंग असेच पेटीत राहिले होते, म्हणून पुढे तपासता आले.